वासरू बागडते, त्याला इंग्रजीत काय म्हणायचे?



दर रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात मुलांची अभ्यासिका भरते. मी व्यवसायाने कारकून, शिक्षणाने बी.कॉम. तेव्हा गणित आणि थोडेफार इंग्रजी माझ्या वाट्याला येते. इंग्रजीचा मी पंडित नाही, हे आधीच कबूल करतो. माझ्या पिढीने ए, बी, सी, डी गिरवली ती पाचवीत. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते जून २००० पासून. तोवर आमची गाडी निघून गेली होती. त्यामुळे आजही शब्दकोश हाताशी ठेवूनच मी शिकवायला बसतो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मागच्या महिन्यात सातवीतली माझी भाची अभ्यासिकेत आली, पण कोपऱ्यात बसून राहिली. वही उघडेना. विचारले तर म्हणाली, "मामा, मले इंग्रजी जमत नाही. मी आता लेहणार नाही." बऱ्याच वेळाने प्रकरण कळले. वर्गात 'माझे गाव' या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहायच्या होत्या. हिने कोठ्यातल्या वासरावर एक वाक्य लिहिले. गाईडमधल्या समानार्थी शब्दांच्या यादीत 'गॅम्बोल' म्हणजे बागडणे असे वाचले होते, ते आठवून लिहिले. पण स्पेलिंग चुकले. शेवटी ओ-एल हवे होते तिथे एल-ई झाले. ओ-एलचा गॅम्बोल म्हणजे बागडणे आणि एल-ईचा गॅम्बल म्हणजे जुगार खेळणे. दोघांचा उच्चार जवळपास एकच. वाक्याचा अर्थ झाला, आमचे वासरू वावरात जुगार खेळते. शिक्षकांनी ते मोठ्याने वाचले आणि विचारले, "काय गं, पत्ते कोण पिसत होते, गाय की बैल?" सगळा वर्ग हसला.

गुरुजींच्या मनात वाईट नसेल. चूक हसण्यासारखी होतीच, मलाही आतून हसू आले. पण पोरीने त्या दिवसापासून इंग्रजीची वही दप्तराबाहेर काढली नव्हती. आपल्या घरांतून इंग्रजी सोडलेल्या मुलांचे पुढे काय होते, हे मी कचेरीत रोज पाहतो. अर्ज भरायला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणारी चांगली शिकलेली मुले माझ्या टेबलासमोर उभी राहतात. म्हणून हा विषय मला हसण्यावारी नेता आला नाही.

मी भाचीला एवढेच विचारले, "इंग्रजी राहू दे. वासरू करत काय होते ते सांग."

ती लगेच सांगू लागली. "मामा, आजीनं दावं सोडलं ना, तं ते आधी उभंच राहिलं. मंग एकदम शेपूट वर केलं अन् चारही पाय उचलून कुदलं. मंग धुऱ्यापावेतो पळालं, तिथून वापस आलं, मायजवळ थांबलं, ढुशी मारली अन् पुन्हा पळालं. कोणी मागं नव्हतं लागलं त्याच्या. उगाच."

वाचकहो, त्या 'उगाच' मध्ये सगळा अर्थ आला. कामासाठी नाही, भीतीने नाही, कोणी हाकलले म्हणून नाही. अंगात जीव मावत नाही म्हणून केलेली हालचाल. गॅम्बोल शब्दाचा नेमका हाच अर्थ आहे. म्हणजे पोरीजवळ अर्थ पूर्ण होता, नुसता शब्द उसना होता आणि त्यातले एक अक्षर चुकले होते. शहरातल्या महागड्या शाळेतल्या मुलाला स्पेलिंग बरोबर येत असेल, पण त्याने दाव्यातून सुटलेले वासरू पाहिले असेलच असे नाही. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या मुलाने ते पाहिलेले असते. गवळाऊ ही आपल्याच भागातली गोऱ्ह्या-बैलांची जात, चालीला हलकी आणि धावेला चपळ म्हणून नावाजलेली. तिचे वासरू बागडताना ज्याने पाहिले, त्याला गॅम्बोल शिकवायला कितीसा वेळ लागणार?

मग चूक कुठे होते? चूक यादीत आहे. गाईडमध्ये छापलेले असते, जंप म्हणजे स्किप म्हणजे हॉप म्हणजे फ्रॉलिक म्हणजे गॅम्बोल. मधे बरोबरची चिन्हे. मूल ते पाठ करते आणि समजते की कोणताही शब्द कुठेही चालतो. आम्ही हिशेबात 'किरकोळ खर्च' असे एक खाते ठेवतो. ज्याचे नाव सुचत नाही तो खर्च तिथे टाकायचा. पण सगळाच खर्च किरकोळात टाकला तर ऑडिटवाला हरकत घेतो. इंग्रजीतला 'जंप' हा असा किरकोळ खर्च आहे. बाकी प्रत्येक शब्दाचे खाते वेगळे, आणि प्रत्येक खात्याचा धनी वेगळा. त्या दिवशी आम्ही फळ्यावर खतावणीच मांडली. ती आपल्या घरच्या मुलांनाही उपयोगी पडेल, म्हणून इथे देतो.

'हॉप' म्हणजे लंगडी. माणसाने एका पायावर मारलेली उडी. पक्षी मात्र दोन्ही पाय जोडून हॉप करतात. अंगणातली चिमणी टुणटुण उड्या मारते ती हॉप. साळुंकी मात्र एकामागून एक पाय टाकत चालते, तिला वॉक. दोघी एकाच अंगणात दाणे टिपतात, पण क्रियापद वेगळे.

'स्किप' म्हणजे एक पाऊल आणि एक हलकी उडी, मग दुसऱ्या पायाने तसेच. शाळा सुटल्यावर लहान मुली रस्त्याने अशाच येतात. दोरीवरच्या उड्यांनाही स्किपच म्हणतात. ह्याच शब्दाचा दुसरा अर्थ वगळणे, टाळणे. धडा स्किप केला म्हणजे धड्यावरून उडी मारून पुढे गेलो.

'लीप' म्हणजे मोठी, लांब झेप. नाला ओलांडताना मारतो ती. 'बाउंड' म्हणजे अशा झेपा एकामागून एक घेत धावणे. सेलू तालुक्यातल्या बोरच्या जंगलात, जे २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले, चितळांचा कळप बिचकला की असाच पळतो.

'फ्रिस्क' म्हणजे अंग हलके करून इकडेतिकडे चपळाईने उड्या घेणे. कुत्र्याची पिल्ले, कोकरे यांच्यासाठी हा शब्द शोभतो. पण सावध राहा. पोलीस एखाद्याचे अंग चाचपून झडती घेतात, त्यालाही फ्रिस्क म्हणतात. माणसाबद्दल हा शब्द वापरताना दहादा विचार करावा, नाहीतर बागडणारा पाहुणा झडतीत सापडायचा.

'गॅम्बोल' आपण पाहिलाच. त्याच्या मुळाशी इटालियन भाषेतला पायाचा शब्द आहे, गाम्बा. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. म्हणून भाचीला मी खूण सांगितली, वासराच्या पायाचे खूर गोल, तसा गॅम्बोलमध्ये गोल ओ. जुगाऱ्याच्या हाती काही राहत नाही, म्हणून त्याच्या गॅम्बलमध्ये तो गोल ओही नाही. ही खूण भाषाशास्त्राची नाही, कारकुनाची आहे. पण तेव्हापासून ती विसरली नाही.

'केपर' हा बकरीच्या पिल्लाचा शब्द. जागच्या जागी उसळी, वाकडीतिकडी उडी, थोडा वेडेपणा. कोशकार त्याचे नाते बकऱ्याच्या लॅटिन नावाशी लावतात, आणि बकरीचे पिल्लू ज्याने पाळले त्याला ते लगेच पटते. पुढे खोडी, उपद्व्याप, काही वेळा चोरीचा बेत, इतका त्याचा अर्थ पसरला.

'फ्रॉलिक' मध्ये पायापेक्षा मन मोठे. हा शब्द डच भाषेतला, मूळ अर्थ आनंदी. आधी तो विशेषण होता, मग क्रियापद झाला. पहिल्या पावसात पोरे अंगणात करतात ते फ्रॉलिक. भूतकाळ लिहिताना शेवटच्या सीनंतर के घालावा लागतो, पिकनिकचा घालतात तसा. परीक्षेत ह्यावर हमखास चूक होते.

'रॉम्प' म्हणजे आपल्याकडचा दंगा. दोन-चार पोट्टे एकमेकांवर पडताहेत, लोळताहेत, गादी विस्कटली आहे, आई ओरडते आहे. एकट्याने तो सहसा होत नाही. शर्यत किंवा सामना सहज जिंकला तरी इंग्रजी वर्तमानपत्रात रॉम्प येतो.

'प्रान्स' हा घोड्याचा. पुढचे पाय उचलून ऐटीत थयथय नाचणे. वरातीतला घोडा आठवावा. माणसाला लावला की त्यात टोमणा येतो, मोठा ऐटीत मिरवतो आहे असा. 'कॅव्हॉर्ट' हाही उड्या-नाचाचाच शब्द. कौलांवर माकडांचा कळप धुडगूस घालतो तेव्हा तो चालतो. माणसांना लावला तर त्यात पुष्कळदा नापसंती असते. हे दोन शब्द निबंधात आपल्या आजोबांना लावू नयेत.

आणि 'स्कॅम्पर' म्हणजे लहान पावलांनी भरभर पळणे. उंदीर, खार, आणि शिक्षक येताना दिसले की वर्गाबाहेरची मुले.

इतके झाल्यावर एका मुलाने विचारले, "काका, आपल्या भाषेत एवढे शब्द आहेत का जी?" मी म्हटले, तुम्हीच सांगा. मग फळा पुरेना. बागडणे, हुंदडणे, कुदणे, उंडारणे, उधळणे, फुदकणे, खिदळणे. पिल्लू टुणटुण उड्या मारते, मोर थुईथुई नाचतो, वर्षाचे लेकरू दुडूदुडू धावते, त्याहून लहान लुटूलुटू चालते. इंग्रजी जिथे नवे क्रियापद घेते, तिथे मराठी पुष्कळदा नाद घेते. आपली भाषा कानाने चित्र काढते. इंग्रजी शब्द पाठ करण्याआधी मुलाला स्वतःचे हे धन मोजू द्यावे. ज्याला आपल्याजवळ काय आहे ते माहीत असते, तो दुसऱ्याच्या दुकानात दबून उभा राहत नाही.

इथे दारात बसलेल्या शेजारच्या आजी मधेच बोलल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढचे, नातवाला घ्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "बाबू, तू एवढे शब्द लेहले. पण हुंदडणं अन् उंडारणं आमाले शिव्या म्हणून मिळाले. पोरगी जरा कुदली का माय म्हणे, काहून हुंदडतं? पोरगं कुदलं का म्हणे, खेळू द्या."

वर्ग गप्प झाला. आजी पुढे म्हणाल्या, "मी आठ वर्साची होती तं मालकाचे वासरं राखाले जाये. वासरू कुदे, मी त्याच्या मागं धावू. वासरू खेळे, मी काम करू. मंग कापूस येचाले लागली. आमच्या वाट्याले धावणं होतं, कुदणं नाही."

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. गॅम्बोलचा अर्थ भाचीने एका शब्दात सांगितला होता, उगाच. आणि आजी सांगत होत्या की त्यांच्या बालपणात 'उगाच' नव्हते. धावणे आणि बागडणे यांत पायांचा फरक फार थोडा असतो. फरक असतो तो कोणासाठी धावायचे ह्याचा. हा भेद मला कोणत्याही शब्दकोशात इतका स्पष्ट सापडला नव्हता.

म्हणून आमच्या खतावणीत आणखी एक रकाना वाढला. शब्द शाबासकीचा की रागवण्याचा, आणि तो कोणाला लावतात? हुंदडणे मुलाला लावले तर कौतुकमिश्रित, मुलीला लावले तर ताकीद. इंग्रजीही ह्यात निर्दोष नाही. तिथे मुलांसारखा दांडगा खेळ खेळणाऱ्या मुलीसाठी 'टॉमबॉय' असा वेगळा शब्दच आहे, जणू खेळणे ही मुलाचीच मालमत्ता. शब्द निवडताना आपण निवाडाही देत असतो. घरात आपण मुलीच्या चालण्या-धावण्याला कोणते क्रियापद लावतो, हे प्रत्येक आईबापाने एकदा तपासून पाहावे.

कोणी म्हणेल, चार उड्यांच्या शब्दांचे एवढे काय? पण समानार्थी शब्द गोळा करणे हे फार जुने आणि गंभीर काम आहे. पीटर मार्क रोजे हा इंग्लंडमधला डॉक्टर. त्याने आयुष्यभर शब्दांच्या याद्या केल्या आणि वयाची सत्तरी उलटल्यावर, १८५२ साली, आपला 'थिसॉरस' छापला. त्याच्या कित्येक शतके आधी आपल्याकडे संस्कृतात अमरसिंहाचा 'अमरकोश' झाला. अमरसिंह बौद्ध होता असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच धर्तीवर बाराव्या शतकात श्रीलंकेत मोग्गल्लान थेरांनी पालीचा 'अभिधानप्पदीपिका' हा कोश रचला. आणि आपल्या काळात बाबासाहेबांनी, एवढ्या व्यापातून, पाली शब्दांचा कोश हाती घेतला. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात तो आणि पालीचे व्याकरण १९९८ साली छापून आले. इंग्रजीवर एवढे प्रभुत्व असलेला माणूस आयुष्याच्या उत्तरार्धात एका जुन्या भाषेचे शब्द एकेक करून लिहितो, त्याअर्थी शब्दाची नेमकी किंमत त्याला कळली होती. सावित्रीबाईंनीही १८५४ च्या 'काव्यफुले' मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. आपण त्या वाटेवर उशिरा आलो असू, पण चुकून आलेलो नाही.

पुढच्या रविवारी आम्ही फळा वापरलाच नाही. मुलांना मागच्या मोकळ्या जागेत नेले. मी शब्द म्हणायचा, त्यांनी तो पायांनी करून दाखवायचा. हॉप म्हटले की लंगडी. स्किप म्हटले की दोरी. लीप म्हटले की आखलेल्या दोन रेघांवरून झेप. प्रान्सला सगळे घोडे झाले. रॉम्पला तर आवरणे कठीण गेले, एकाचा सदरा फाटला आणि त्याच्या आईची बोलणी मला खावी लागली. पण घरी जाताना एकही मूल एकही शब्द विसरले नव्हते. पायांनी पाठ केलेले डोक्यात लवकर बसते. आजींना मुलींनी ओढून फुगडीला उभे केले. दोन फेऱ्यांत त्या दमल्या आणि खाली बसल्या. म्हणाल्या, "पुरे व माय." पण उठून घरी मात्र गेल्या नाहीत, शेवटपर्यंत बसून राहिल्या.

आईबापांना माझे सांगणे थोडेच आहे. मुलाला आठवड्याला पाच इंग्रजी क्रियापदे द्या, पन्नास नकोत. प्रत्येकासमोर त्याने घरात, कोठ्यात, रस्त्यात पाहिलेले एक उदाहरण लिहून घ्या. भूतकाळाचे रूप आणि दुसरा अर्थ शेजारी लिहायला लावा. 'बरोबर' चे चिन्ह टाकून शब्दांची माळ करू देऊ नका. एक साधा इंग्रजी-मराठी शब्दकोश घरी घ्या, आणि मूल चुकले तर त्याच्या चुकीवर हसण्याआधी त्याला काय म्हणायचे होते ते विचारा.

जाता जाता एक गंमत सांगतो. इंग्रजीत अपमानाला 'इन्सल्ट' म्हणतात आणि निकालाला 'रिझल्ट'. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या उडी मारण्याच्या क्रियापदावरून आले आहेत. इन्सल्ट म्हणजे मुळात एखाद्याच्या अंगावर उडी घेणे. रिझल्ट म्हणजे मुळात उसळून परत येणे. मी हे भाचीला सांगितले तेव्हा ती थोडा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे वर्ग माह्या अंगावर कुदला होता." मी म्हटले, "हो. आता उसळून परत यायची पाळी तुझी."

तिने वही काढली, जुने वाक्य खोडले आणि खाली नवे लिहिले. गोल ओ जरा मोठाच काढला होता. वाक्य पुन्हा गुरुजींना दाखवणार का, असे विचारले तर म्हणाली, "दाखवीन ना. पण आधी अजून नऊ लाइनी लेहतो."

त्या नऊ ओळींत आजी आहेत, असे तिने मला सांगितले आहे. मी अजून वाचलेल्या नाहीत.